मेजरबाईंचा चुकीचा नकाशा

मेजरबाई कुणाच्याही घरी गेल्या की आधी विहिरीकडे वळायच्या. घरातलं माणूस 'येवा, बसा' म्हणत ओटीवर चटई टाकेपर्यंत यांनी कळशी विहिरीत सोडलेली असायची. ओंजळभर पाणी तोंडात घ्यायचं, डोळे मिटून गालात फिरवायचं, थुंकायचं आणि साडीवर चढवलेल्या पुरुषी शर्टाच्या खिशातून वही काढायची. "मागच्या सोमवारपेक्षा मिठाची चिमूट वाढली," असं त्या घरमालकाला सांगायच्या तेव्हा आवाज थेट रुग्णाच्या नातेवाइकाला ताप सांगणाऱ्या नर्सचा असायचा. मग चहा. चहाला त्या कधी नाही म्हणाल्या नाहीत. फक्त पाणी कोणत्या विहिरीचं ते विचारून घ्यायच्या.

त्या खरोखरच नर्स होत्या. लष्कराच्या इस्पितळांतून तीस वर्षं नोकरी करून मेजर म्हणून निवृत्त झाल्या आणि गावी परतल्या. गाव आचऱ्याच्या बाजूचं, खाडीकाठचं. नाव सांगत नाही, कारण या गोष्टीतली बरीच माणसं अजून तिथेच आहेत आणि माझ्यापेक्षा त्यांची स्मरणशक्ती चांगली आहे. मी तिथे ग्रामसेवक म्हणून गेलो दोन हजार तीन साली आणि सात वर्षं मेजरबाईंच्या माडीवर भाड्याने राहिलो.

खोली मागायला गेलो तेव्हा त्यांनी मला तीनच प्रश्न विचारले. पहाटे किती वाजता उठता? अक्षर कसं आहे? पोहता येतं का? मी सोलापूरकडचा. आमच्याकडे पाणी बघायला मिळणं हेच मोठं, त्यात पोहणार कुठे? तसं सांगितल्यावर त्या म्हणाल्या, "दोन महिने देते. शिकलात तर खोली तुमची." आणि खरोखर दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी साडेसहाला मी खाडीत आणि त्या काठावर, गळ्यात शिट्टी. सरकारी माणसाला बुडताना बघायला निम्मा गाव जमायचा. मी मनातून त्यांना शिव्या घालायचो. सातव्या आठवड्यात खाडी पार केली, तेव्हा शाबासकी म्हणून त्या एवढंच म्हणाल्या, "आता तुम्ही कुणाच्या कामाचे झालात."

मला त्या नावाने कधी हाक मारत नसत. 'ग्रामसेवक' म्हणत, जसं कुणी 'हवालदार' म्हणावं तसं. माझ्याशी, बँकेत, तहसील कचेरीत शुद्ध मराठी बोलत. गावात मालवणी. आणि रागावल्या की अशी काही लष्करी हिंदी निघायची की समोरचा माणूस न समजताच सरळ उभा राहायचा.

त्यांच्या घरात देवघराशेजारच्या भिंतीवर नऊ तक्ते टांगलेले होते. इस्पितळात खाटेच्या पायथ्याशी तापाचा तक्ता लावतात, तसे. नऊ विहिरींचे नऊ. दर सोमवारी चव बघून तांबड्या पेन्सिलीने टिंब मांडायचं आणि मागच्या टिंबाला जोडायचं. दहावा तक्ता किनाऱ्याचा. वाडीच्या शेवटच्या उंडीच्या झाडापासून उधाणाच्या भरतीची रेघ किती पावलांवर येते, त्याचा. त्यांचं पाऊल तीस इंचांचं होतं, एक इंच कमी नाही की जास्त नाही. मी टेप घेऊन तपासलं होतं.

"वर्तमानपत्रात येतं ते हवामान बदलाचं, ते हेच का हो?" मी एकदा विचारलं.

"ते विद्वान ठरवतील. पाणी बदललंय हे माझी जीभ सांगते. रुग्णाला ताप आहे हे कळायला आजाराचं नाव कळायची वाट बघायची नसते, ग्रामसेवक. आधी खाट रिकामी करून ठेवायची."

ती खाट त्यांना रिकामी करायची होती एका वाडीसाठी. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला खाडी आणि मधे वाळूची चिंचोळी पट्टी. त्या पट्टीवर मच्छीमारांची चौदा घरं. उधाणाला मोठी भरती आली की दोन्ही बाजूंचं पाणी एकमेकांना भेटायला बघायचं. मेजरबाईंचा जन्म त्याच वाडीतला. त्यांनी स्वतःचं घर मात्र निवृत्तीनंतर वर, चढणीवर बांधलं होतं. वाडीतली माणसं हे विसरत नसत. त्या काही सांगायला गेल्या की कोणीतरी म्हणायचंच, "तुजा घर वर आसा, बाय. तुका काय जाता सांगूक?"

यावर त्या वही मिटून चढणीला लागायच्या. कारण खरं उत्तर त्या वाडीतच राहत होतं आणि त्यांच्याशी बोलत नव्हतं.

ते म्हणजे त्यांचा मोठा भाऊ. वाडीचा तांडेल. होडीवर तांडेल म्हणेल ती दिशा, आणि या वाडीत जमिनीवरही त्याचाच शब्द. एकाहत्तर सालच्या लढाईच्या वेळी मेजरबाई पूर्वेकडच्या एका लष्करी इस्पितळात होत्या. तेव्हा वडील वारले. पत्र सतरा दिवसांनी पोचलं आणि पोचलं तेव्हा वॉर्डात खाटा कमी पडून जखमी जमिनीवर झोपवलेले होते. त्यांनी रजा मागितली नाही. बारावा तर होऊनच गेला होता, पण पुढे वर्षश्राद्धालाही नाही. भावाने बोलणं टाकलं. तीस वर्षांनी त्या गावात परतल्या तरी ते टाकलेलंच होतं. समोरासमोर आले तर तांडेल आपल्या बायकोला म्हणायचा, "हिका सांग, वाट सोड." आणि मेजरबाई म्हणायच्या, "त्याका सांग, सोडलंय." वहिनी बिचारी दोघांच्या मधे टोपली घेऊन उभी. तिचं नाव शेवंती. डोक्यावर मासळीची टोपली घेऊन ती रोज वरच्या पाच वाड्या फिरायची आणि बोलण्यात कुणाला हार जायची नाही. फक्त या दोघांपुढे तिचं तोंड बंद व्हायचं.

मेजरबाईंनी पहिला सराव घेतला तो माझ्या दुसऱ्या वर्षी, मे महिन्यात. आठ दिवस आधी घरोघर सांगितलं. अमुक दिवशी सकाळी दहाला मी शिट्टी वाजवीन. तेव्हा वादळ आलंय असं समजून प्रत्येकाने घर सोडून वर देवळाच्या आवारात यायचं. किती मिनिटं लागतात ते बघू. मी देवळापाशी घड्याळ घेऊन उभा. शिट्टी वाजली. वीस मिनिटं झाली तरी चढणीवर चिटपाखरू नाही. मग काठी टेकत एक म्हातारी वर आली, काखेत कोंबडी. तीसुद्धा वादळासाठी आली नव्हती. कोंबडी नवसाची होती. वाडीतून हसण्याचा आवाज वर ऐकू येत होता. मला वाटलं, आता या बाई खचणार. त्या घाम पुसत वर आल्या, म्हातारीला नमस्कार केला आणि वही उघडून मला सांगितलं, "लिहा. उपस्थिती एक. वेळ, पायथ्यापासून चौदा मिनिटं. सुधारणा: कोंबड्यांसाठी टोपल्या लागतील."

"बाई, कोणीच आलं नाही."

"आलं नाही हे कळलं ना? मग सराव यशस्वी." आणि चालता चालता म्हणाल्या, "योजना माझी होती. माझ्या योजनेसाठी ते का धावतील? मीसुद्धा धावले नसते."

त्यानंतर पंधरा दिवस त्या वाडीत गेल्या नाहीत. घरापुढचं खळं, म्हणजे अंगण, त्यांनी सारवून घेतलं आणि त्यावर ओल्या वाळूचं गाव मांडलं. लष्करात म्हणे मोहिमेआधी असंच वाळूत सगळं मांडून बघतात. समुद्र, खाडी, पट्टी, चढण, वरचा कातळाचा सडा, देऊळ. घर म्हणजे पालथी करवंटी, विहीर म्हणजे शिंपला, सडकेखालची मोरी म्हणजे विटेचा तुकडा. मी कचेरीतून आलो तर त्या गुडघ्यांवर बसून वाटा ओढत होत्या. मला कौतुक वाटलं. मग नीट बघितलं आणि म्हणालो, "बाई, मोरी या बाजूला नाही, त्या बाजूला आहे. आणि तांडेलांचं घर विहिरीच्या पलीकडे दाखवलंय, ते अलीकडे आहे."

"ठाऊक आहे."

"मग?"

"बरोबर नकाशा बघायला कोणी येत नाही, ग्रामसेवक. चुकलेला दुरुस्त करायला अख्खा गाव येतो."

मला ते तेव्हा पटलं नाही. पण दुसऱ्याच दिवशी शेवंतीवहिनी मासळी द्यायला आली, टोपली उतरवली आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "ह्या काय गो? मोरी हय खंय? आणि माजा घर? माजा घर विहिरीच्या पलतडी कधी गेला?"

"माका आठवाक नाय नीट," मेजरबाई निर्विकारपणे म्हणाल्या. "तीस वर्षां भायर रवलंय."

वहिनीने मोरी उचलून जागेवर ठेवली. घराला मात्र हात लावला नाही. "ता त्येंकाच सांगतंय," म्हणाली. तिच्या टोपलीबरोबर ती बातमी पाच वाड्या फिरली. संध्याकाळपासून माणसं यायला लागली. कोणी आपल्या घराची करवंटी दोन बोटं सरकवी, कोणी म्हणे उधाणाचं पाणी इथून नाही, रापणीची जाळी सुकवतात त्या बाजूने शिरतं. कोणी वाळूत बोटाने रेघ ओढून दाखवी. मेजरबाई 'असा?' म्हणत आणि लिहून घेत. सातव्या दिवसापर्यंत त्या खळ्यावर जे गाव उभं राहिलं, ते कुठल्याही सरकारी नकाशात नव्हतं.

त्यात त्यांची स्वतःची एक चूकही सापडली, खरीखुरी. लोकांना वर आणायचा रस्ता त्यांनी मोरीवरच्या डांबरी सडकेने धरला होता. मासळीवाल्या बायका हसल्या. मोरीवर सगळ्यात आधी पाणी चढतं. त्यांची रोजची पायवाट माडांच्या बागेतून, मागच्या अंगाने वर जाते, तिथे पाणी कधीच येत नाही. मेजरबाई अर्धा तास वाद घालत राहिल्या. सडक रुंद आहे, म्हाताऱ्यांना सोपी आहे, वगैरे. दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतः टोपली डोक्यावर घेऊन त्या पायवाटेने चढून आल्या आणि बायकांना म्हणाल्या, "माजी वाट रद्द. तुमचा खरा."

सगळ्यांची घरं जागेवर गेली. एकच करवंटी विहिरीच्या चुकीच्या बाजूला राहिली.

तांडेल आला रविवारी सकाळी. मी माडीच्या खिडकीत दाढी करत होतो, तिथून सगळं दिसत होतं. खळ्यात आठ-दहा माणसं होती, ती बाजूला झाली. तो उंच, वाळका म्हातारा बहिणीकडे न बघता सरळ वाळूपाशी आला, वाकला, करवंटी उचलली आणि अलीकडे ठेवली. जाईल असं वाटलं. पण तो तसाच वाकून बघत राहिला. मग बाजूच्या ढिगातून त्याने दुसरी करवंटी घेतली आणि चार पावलं पुढे जाऊन ठेवली, ती पाण्यात. मेजरबाईंनी जिथे समुद्र म्हणून निळी रांगोळी टाकली होती, तिच्यात.

"हयसर बापाशीचा घर व्हता," तो कुणालाच उद्देशून म्हणाला. मग आणखी एक करवंटी घेतली, आणखी पुढे गेला. "आणि हयसर आज्याचा."

निळ्या रांगोळीत दोन पालथ्या करवंट्या. वाडीतल्या माणसांना हे माहीत नव्हतं असं नाही. पण असं ओळीत कधी कुणी मांडून दाखवलं नव्हतं. आजा, बाप आणि आपण. प्रत्येक पिढीने एकदा घर उचलून मागे आणलं होतं, आणि कुणीही त्याला पळून जाणं म्हटलं नव्हतं.

शेवंतीवहिनीच शेवटी बोलली. "मगे आता आमच्या पोरांनी खंय जावचा? मागे तर खाडी."

"वर," मेजरबाई म्हणाल्या.

"वर देवाची जमीन."

"होय. म्हणान देवाक इचारूक व्हया."

तांडेल सरळ झाला आणि बायकोला म्हणाला, "हिका सांग, दारातसून होडी दिसाक व्हयी. नायतर मी मेलंय तरी हलूचंय नाय." आणि निघून गेला.

खिडकीत माझ्या गालावरचा साबण वाळून गेला होता. खाली मेजरबाईंनी वही उघडली होती, पण लिहीत नव्हत्या. नंतर मी बघितलं. त्या पानावर एकच ओळ होती. 'दारातून होडी दिसली पाहिजे.' त्याखाली दोनदा रेघ.

देवळाचा कारभार बघणारे गावकार म्हणजे मोठे मानी गृहस्थ. सड्यावरची देवस्थानची जमीन नुसतीच पडून होती, पण खालच्या वाडीला वर घ्यायचं म्हटल्यावर त्यांना ती एकाएकी फार पवित्र वाटायला लागली. मेजरबाईंनी त्यांच्याशी वाद घातला नाही. म्हणाल्या, "कौल लावूया." मी घाबरलो. तहसीलदारापुढे अपील करता येतं, देवापुढे कुठे करणार?

ठरल्या दिवशी सगळा गाव देवळात. गुरवाने देवाच्या अंगावर पाकळ्या लावल्या. गावकारांनी गाऱ्हाणं घातलं, "बा देवा महाराजा, तुजी जमीन ह्या लेकरांका देवची काय? होय तर उजवी दी, नाय तर डावी." मंडळींनी 'होय महाराजा' म्हटलं. बराच वेळ काही नाही. मग डावी पाकळी पडली.

वाडीतल्या बायका उठायला लागल्या. गावकारांचा चेहरा गंभीर, पण मिशीच्या टोकाशी समाधान. मेजरबाई भिंतीला टेकून उभ्या होत्या, त्या दोन पावलं पुढे आल्या.

"गावकारानू, प्रश्न चुकलो."

"देव चुकूचो नाय."

"देव नाय चुकलो, तुमी चुकलास. देवाची जमीन माणसान देवची कशी? ती त्येचीच रवतली. वेगळा इचारा. दर्या घरात शिरलो तर त्येची लेकरा त्येच्या आवारात इली तर चलात काय, इतक्याच इचारा."

गावकारांना नाही म्हणता येईना. असा प्रश्न विचारायला नकार देणारा माणूस गावात तोंड कुठे दाखवणार? पुन्हा गाऱ्हाणं. या वेळी पाकळी पडली ती उजवी. मी देवभोळा नाही, पण त्या क्षणी सगळ्यांबरोबर 'होय महाराजा' माझ्याही तोंडून निघालं.

घरी परतताना म्हणालो, "पण बाई, जमीन तर मिळाली नाहीच."

"पाय ठेवायला जागा मिळाली. बाकी जमीन पायाखालून पुढे सरकते."

पुढच्या सरावाला त्यांनी शिट्टी वाजवली नाही. शिट्टी त्यांनी वहिनीच्या हाती तांडेलाकडे पाठवून दिली. केव्हा वाजवायची ते त्याने ठरवायचं. वाऱ्याची भाषा त्याला कळते. घरोघर सांगायचं काम मासळीवाल्या बायकांचं, कारण कुठल्या घरात कोण आजारी, कोण बाळंतीण, कोण एकटं, हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. देवळाची धर्मशाळा उघडायचं काम गावकारांचं. किल्ली त्यांच्याच कमरेला होती, तेव्हा मानही त्यांचाच. खाडीपलीकडच्या गावाशीही बोलणं झालं. त्यांच्या होड्या आपल्या बाजूला लागतील, आपल्या त्यांच्या बाजूला, वारा नेईल तसं. मी विचारलं, "मग तुमचं काम काय?"

"माझं काम संपलं. आता मी फक्त मोजणार."

वर्षातून दोन सराव व्हायचे. तिसऱ्या वर्षी वाडी एकोणीस मिनिटांत वर आली, तेव्हा गावकारांनी स्वतःहून सर्वांना गूळपाणी दिलं.

वादळ आलं ते माझ्या सहाव्या वर्षी, नोव्हेंबरात. पावसाळा संपून होड्या दर्यात जायला लागल्या होत्या, म्हणजे कुणाच्या ध्यानीमनी नसताना. सकाळपासून आभाळ तांबूस-करडं आणि हवा अजिबात नाही. रेडिओवर काहीतरी सांगत होते, पण नेमकं कुठे ते कळत नव्हतं. कचेरीतून फोन आला दुपारी बाराला. तांडेलाने शिट्टी वाजवली होती दहाला. त्याने पहाटेच होड्या परत वळवल्या होत्या.

शिट्टी ऐकली तसा मी धावत वाडीत गेलो होतो. बायका टोपल्या टाकून दारोदार फिरत होत्या. माणसं माडांच्या बागेतल्या वाटेने चढत होती, हातात फक्त कागदपत्रांची पिशवी आणि पाण्याचा तांब्या. ठरलं होतं तसंच. कोंबडीवाली म्हातारी दोघांच्या खांद्यावरच्या खुर्चीत, मांडीवर झाकलेली टोपली. वारा सुटला होता आणि वाळू गालाला टोचत होती. पट्टीच्या अगदी टोकाला, शेवटच्या घरापाशी मेजरबाई वही घेऊन उभ्या होत्या. एक-एक नाव खोडत होत्या. पाणी त्यांच्या बुटांपर्यंत आलं होतं.

तांडेल होड्या बांधून त्या बाजूने आला. बहिणीला तिथे बघून थांबला. आजूबाजूला बायको नव्हती. कोणीच नव्हतं मधे.

"तू हयसर काय करतंस?" तो ओरडला. "ह्या माजा काम. वर जा!"

मी दोघांच्या तोंडाकडे बघत राहिलो. सदतीस वर्षं झाली होती.

"होय, दादा," मेजरबाई म्हणाल्या. वही शर्टाच्या खिशात कोंबली आणि चढणीकडे वळल्या. ज्या बाईला मी कधी घाईत पाहिलं नव्हतं, ती वयाच्या साठीत, साडी खोचून, धावत सुटली.

देवळाच्या आवारात पोचल्यावर त्यांनी वही माझ्या हातात दिली. "तुम्ही मोजा, ग्रामसेवक." मी मोजलं. एकाहत्तर. तांडेल सगळ्यात शेवटी आला, तो धरून एकाहत्तर. वाडीत तेवढीच माणसं होती.

दुपारी तीनच्या सुमारास समुद्र आणि खाडी एक झाले. सड्याच्या कडेवरून आम्ही सगळे बघत होतो. मोठा आवाज वगैरे झाला नाही. एक लाट आली आणि परत गेलीच नाही, पलीकडे उतरली. पाच घरं गेली. तांडेलाचं त्यातलं एक. एक होडीही गेली. शेवंतीवहिनी मोठ्याने रडली, तशा बाकीच्या बायकाही रडल्या. तांडेल रडला नाही. घर होतं त्या जागेकडे बघत उभा राहिला आणि थोड्या वेळाने त्याच्या शेजारी मेजरबाई जाऊन उभ्या राहिल्या. बोलणं सुरू झालं म्हणून लगेच बोललंच पाहिजे असं दोघांनाही वाटत नसावं.

पाणी ओसरायला दोन दिवस लागले. ते दोन दिवस सगळी वाडी देवळात जेवली. तिसऱ्या दिवशी कोणीतरी गावकारांना विचारलं, आता पुढे काय, परत कौल लावायचा काय? गावकार म्हणाले, "आता कित्याक? देवान होय म्हटलानच हा. माणसा येवन बसली, आता उठयतलो कोण?"

तेवढ्याने जमीन मिळत नाही, हे ग्रामसेवक म्हणून मला चांगलं माहीत होतं. ठराव, नकाशे, हरकती, देवस्थानची संमती, तालुक्याचे खेटे. माझं अक्षर शेवटी कामाला आलं. मेजरबाई माझा प्रत्येक अर्ज तांबड्या पेन्सिलीने तपासायच्या आणि 'विनंती आहे की कृपया' यातलं एक काहीतरी खोडायच्या. "एकदाच विनवा. दोनदा विनवलं की समोरच्याला वाटतं, घाई नाही." पुढच्या वर्षी मे महिन्यात सड्याच्या कडेला पहिल्या नऊ घरांचे चौथरे उभे राहिले. ते सरळ रांगेत नाहीत. थोडे तिरके, एकमेकांना न झाकणारे. बाहेरचा माणूस म्हणेल, आखणी करणाऱ्याला दोरी धरता येत नव्हती. पण कुठल्याही दारात उभे राहा, खाली वाळूवर लावलेली होडी दिसते.

दोन हजार दहाच्या सुरुवातीला माझी बदली झाली. जायच्या आदल्या आठवड्यात जिल्ह्याहून पाहणीला मंडळी आली. दोन-तीन अधिकारी आणि त्यांच्याबरोबर पांढऱ्या गणवेशातला नौदलाचा एक तरुण अधिकारी. किनाऱ्यावरच्या गावांबरोबर मिळून वादळाची तयारी कशी करावी, याचा त्यांना अभ्यास करायचा होता. धर्मशाळेत सभा भरली. बायका जमिनीवर चटईवर, पुरुष कडेने, पाहुणे खुर्च्यांवर. मेजरबाई नेहमीसारख्या मागच्या भिंतीला टेकून, हात पाठीमागे बांधून उभ्या. सात वर्षांत कुठल्याही सभेत मी त्यांना बसलेलं पाहिलं नव्हतं.

तो तरुण अधिकारी मराठी होता. त्याने सगळं ऐकून घेतलं. शिट्टी कुणाची, वाट कुठली, किल्ली कुणाकडे. मान हलवत राहिला. मग म्हणाला, "ही आखणी लष्करी पद्धतीची आहे. कुणी अधिकाऱ्याने करून दिली का?"

मी मागे वळून बघितलं. मला वाटलं, आता कोणीतरी बोट दाखवणार. मेजरबाईंची हनुवटी किंचित वर गेली होती.

तांडेल उठला. कचेरीतल्या माणसांशी बोलायचं म्हणून त्याने आपली शुद्ध भाषा गोळा केली. "अधिकारी कुठला, साहेब? आम्हीच केली." मग ती भाषा पुरेना म्हणून म्हणाला, "आमका आज्यापासून ठावक आसा. वायच मांडून बगूक व्हया व्हता, इतक्याच."

शेवंतीवहिनी खालून म्हणाली, "आणि वाट आमची. बायलांची."

"होय, वाट त्यांची," तांडेल म्हणाला.

तरुण अधिकारी लिहून घ्यायला लागला. मेजरबाईंचं नाव कुणीच घेतलं नव्हतं. मला राहवेना. मी हात वर करणार, इतक्यात त्यांनी माझ्याकडे बघून नुसती मान हलवली. नाही. तो हुकूम होता. मी हात खाली घेतला.

मग त्या भिंतीपासून सुटल्या, बायकांमधून वाट काढत पुढे आल्या आणि शेवंतीवहिनीपाशी थांबल्या.

"सरक गो वायच," म्हणाल्या आणि चटईवर बसल्या.